रात्री दोनचा फोन बंद करा

पत्र :

ताई, मी नागपूरजवळच्या वाडीला राहते. आमचे हे 16 वर्षांपासून ट्रक चालवतात, आता चौदा चाकी आहे. मालकाच्या तीन गाड्या. बुटीबोरीहून माल भरायचा, भिवंडीला खाली करायचा, तिकडून जे भाडं मिळेल ते घेऊन परत. आधी जुन्या रस्त्याने जायचे, आता समृद्धीने जातात. 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ नागपूरहून निघालेली बस जळाली, 25 माणसं गेली, तेव्हापासून मी रात्री बारा, दोन आणि चारचा गजर लावते. फोन करून यांना बोलत ठेवते. मागच्या महिन्यात घरी आले आणि म्हणाले, "मेहकरची पाटी पाहिली, मग एकदम संभाजीनगर. मधात जालना कुठं गेलं, मले आठवतच नाही." त्या रात्री दोन वाजता मी बोलले होते यांच्याशी! मालकाला सांगितलं तर म्हणतो, जमत नसेल तर सांग, दुसरे लाइनीत उभे आहेत. दिवसाला सात-आठ खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्या, होतात. घोरणं असं, की पोरगी दुसऱ्या खोलीत अभ्यास करते, तिला ऐकू येतं. माझा भाऊ म्हणतो, ई-रिक्षा घेऊन देऊ. पोरगी दहावीला आहे, घराचा हप्ता आहे. जागं राहायचं काही औषध असतं का? की यांना ड्रायव्हरी सोडायलाच लावू?
– एक बहीण, वाडी

ताई,

आधी फोनचं बोलते. तुम्हाला ते आवडणार नाही, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

दोन वाजताचा फोन बंद करा. चारचाही. तुम्ही जिवाच्या आकांताने करता, हे मला कळतं. मी 18 वर्षं वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिल्या. ड्रायव्हरांच्या बायकांचे फोन ऑफिसात यायचे, "गाडी पोचली का मॅडम" म्हणून. तो आवाज मला ओळखता येतो. पण फोनवर माणूस बोलतो म्हणजे तो जागा आहे, असं नसतं. त्या रात्री दोन वाजता भाऊ तुमच्याशी काय बोलले, ते जरा आठवून पाहा. "हं." "हो." "हं, बोल." मधे एखादी लांब गॅप, मग तुम्ही "ऐकता ना?" म्हटल्यावर पुन्हा "हं". डोळे उघडे ठेवून, स्टिअरिंगवर हात ठेवून माणूस तीन-चार सेकंद झोपतो आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास 90 मीटर गाडी एकटीच चालली. त्यात एका हातात फोन, किंवा कानात वायर. तुमच्याशी बोलायचं म्हणून ते गाडी बाजूला घेत नाहीत, बोलत बोलत पुढे जात राहतात. तुमचा फोन आला नसता तर कदाचित थांबले असते. हे मी दोष द्यायला म्हणत नाही. पण एखाद्याला झोप येऊन राहिली असेल, तर त्याला जागं ठेवायची मदत करूच नये, झोपायची करावी.

आता जालन्याचं. आमच्या ऑफिसात एक हैदराबाद लाइनचे ड्रायव्हर होते, पन्नाशीचे, निर्व्यसनी, गाडीला कधी ओरखडा नाही. एकदा पहाटे साडेपाचला गाडी लावली, पावत्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत बसूनच राहिले. चहा आणला तो तसाच गार झाला. मग म्हणाले, "मॅडम, ही जामची पावती माह्याजवळ कशी आली? म्या जामला थांबलोच नाही." पावतीवर साडेतीनची वेळ होती. त्यांनी गाडी थांबवली होती, पैसे दिले होते, सुटे मोजून घेतले होते. यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्या काळी हैदराबाद रस्त्यावर गावं होती, बैलगाड्या होत्या, खड्डे होते, म्हणजे डोळा लागला तर उठवायला काहीतरी होतं. समृद्धीवर तेही नाही. 701 किलोमीटर सरळ सिमेंटचा रस्ता, ना चौक, ना सिग्नल, ना आडवा येणारा माणूस. रात्री समोर फक्त आपल्याच दिव्यांचा उजेड. रस्ता चांगला झाला हे खरंच, मी काही त्याच्या विरोधात नाही. पण पायाला आणि डोळ्याला काम नसलं की मेंदू सुट्टीवर जातो, आणि रात्री दोन ते पहाटे पाच हा तर माणसाच्या शरीराचा झोपेचाच वेळ. भाऊंचं जालना नेमकं त्या वेळात येतं.

मला तुमच्या घरचा त्या दिवसाचा हिशोब मांडून पाहायचा आहे. चुकत असेल तर सांगा. सकाळी सहाला नळ आला, पोरीची शाळा, भाऊ सहालाच उठले. बाराला बुटीबोरीला गाडी लावली. माल भरायला आठ वाजले, तोवर गोदामाच्या बाहेर उभे, मधे हमालांशी वाद, मग ताडपत्री ओढली, दोर बांधले. रात्री नऊला सुटले. मालकाच्या मते भाऊंची ड्युटी नऊला सुरू झाली. शरीराच्या मते ती सकाळी सहाला सुरू झाली. सलग 17 तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना तेवढाच चुकतो जेवढा रक्तात 100 मिलिलीटरला 50 मिलिग्रॅम दारू असलेला, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. आपल्या कायद्यात 30 च्या वर गेलं की गुन्हा. म्हणजे रात्री अकराला, घर सोडून जेमतेम सव्वाशे किलोमीटर झालेले असताना, थेंब न घेता भाऊ त्या रेषेच्या पलीकडे गेलेले असतात. जालन्याला पोचेपर्यंत 21 तास. पोलिसाने तोंडाला मशीन लावलं तर शून्य दाखवेल. झोप मोजायचं मशीन नाक्यावर नसतं. देशाच्या अपघातांचा जो सरकारी अहवाल निघतो त्यात कोणता नियम मोडला याचे रकाने असतात : वेग, दारू, चुकीची बाजू, सिग्नल तोडणं, मोबाइल. झोपेला वेगळा रकाना नाही. 2022 साली 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, त्यात झोपेने किती, हे त्या रकान्यांत शोधून सापडत नाही. बरेच "अतिवेगा"त जमा झाले असणार, असं आपलं मला वाटतं.

औषधाचं विचारलंत. नाही. ढाब्यांवर, पानठेल्यांवर काही गोळ्या मिळतात, ड्रायव्हर एकमेकांना देतात. त्या गोळीने झोप जात नाही, फक्त ती आल्याचं कळत नाही, आणि उतरते तेव्हा एकदम उतरते. खर्ऱ्याचंही थोडंबहुत तसंच. तंबाखूने दहा मिनिटं तरतरी, मग पुन्हा पन्नी उघडायची. खर्ऱ्याने तोंड आखडत जातं. पूर्ण उघडतं का त्यांचं? तीन बोटं उभी जातात का, ते बघा एकदा. विदर्भात हे तपासायला फार वेळ घालवू नये.

चहा मात्र चालतो, पण पद्धत वेगळी. चहा-कॉफी अंगात भिनायला 20-25 मिनिटं लागतात. म्हणून डोळे जड झाले की गाडी नीट जागी लावायची, कडक चहा प्यायचा, लगेच आडवं व्हायचं, 20 मिनिटांचा गजर. उठेपर्यंत चहाही चढतो. उठल्या उठल्या चावी मारायची नाही, दहा मिनिटं टायर बघत गाडीला एक फेरी मारायची. हे दोनेक तासांना पुरतं, रात्रभराला नाही. आणि "नीट जागी" म्हणजे पेट्रोल पंप, टोलची मोकळी जागा, ढाबा. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर कधीच नाही. वैजापूरजवळ 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर मिनी बस ट्रकला मागून आदळली, 12 माणसं गेली. रात्री मागून येणाऱ्याला पुढचा ट्रक उभा आहे की चालू, हे फार उशिरा कळतं. गाडीच्या मागच्या फळीवरच्या लाल चमकपट्ट्या चिखलाने झाकल्या आहेत का, ते पुढच्या वेळी गाडी घरी आली की तुम्हीच फडकं घेऊन पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता घरचं. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. ज्या रात्री गाडी सुटणार त्या दुपारी भाऊंनी झोपायला हवं, साडेतीन-चार तास, सलग. आणि आपल्या घरांत दुपारी झोपलेला पुरुष म्हणजे जणू सगळ्यांना मोकळं मैदान. "घरी आहेच तर गॅस आणून दे." "घरी आहेच तर पोरीच्या शाळेत जाऊन ये." सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "काय सांगू, नुसता झोपून राहते." मालकाचा फोन, दलालाचा फोन, बँकेवाल्याचा फोन. दिवसाची झोप तशीही रात्रीच्या झोपेइतकी खोल लागत नाही, त्यात आपण अशी तुकडे करून टाकतो. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पत्र्याखालची खोली, बाहेर 45, कूलरमधलं पाणी दीड तासात संपतं आणि माणूस घामाने जागा होतो. म्हणून हे करा : त्या दिवशी त्यांचा फोन तुमच्याकडे. खिडकीला जाड गोधडी टांगा, अंधार हवा. कूलरची टाकी झोपायच्या आधी तुम्ही भरा, मधे एकदा पुन्हा. जेवण हलकं, सावजीचा रस्सा परतल्यावर. आणि सासूबाईंना एकदा बसवून सांगा, की हा झोपतो तेव्हा कामावरच असतो. कोणी दार वाजवलं तर "ड्युटीवर आहेत" म्हणा. मी खोटं बोलायला सांगत नाहीये, बरं का.

पण दुपारी बाराला गाडी बुटीबोरीला लावायची तर ते झोपणार कधी? इथे मालक आला. मालकाशी "आराम" हा शब्द काढून बोलू नका. तो शब्द ऐकला की त्याला आळस ऐकू येतो. मी त्या खुर्चीच्या बाजूला 18 वर्षं बसले आहे, मला माहीत आहे. वेळेचा आणि पैशाचा हिशोब घेऊन बोला, आणि तो हिशोब तुमच्याकडे लिहिलेला हवा. एक शंभर पानी वही घ्या. पुढच्या चार ट्रिपा भाऊंनी फक्त चार वेळा लिहायच्या : गोदामावर गाडी कधी लावली, भरून कधी सुटली, भिवंडीला कधी पोचली, खाली कधी झाली. माझा अंदाज सांगते. सकाळी नऊ-दहाला धापा टाकत पोचलेली गाडी दुपारी तीन-चारला खाली होते, कधी दुसऱ्या दिवशी. आमच्या ऑफिसात पोचल्याची वेळ लाल शाईने लिहायचे, कारण पार्टी विचारायची. खाली झाल्याची वेळ कोणी विचारतच नसे, म्हणून लिहायची पद्धतही नव्हती. रात्रभर जीव मुठीत धरून कमावलेले पाच तास भिवंडीच्या गेटबाहेर लाइनीत जातात. हे वहीत दिसलं की बोलायला जोर येतो.

मग दोन गोष्टी मागा. पहिली सोपी : माल भरताना ड्रायव्हर हजर कशाला? मालकाचा दुसरा माणूस किंवा मुकादम गाडी लावून घेईल, ताडपत्री बांधायच्या वेळी भाऊ जातील. यात मालकाचा खर्च जवळपास नाही. दुसरी : रात्री नऊऐवजी पहाटे चारला सुटायचं. रात्री घरी झोप, पहाटे शिवमडक्याहून समृद्धीला लागायचं. ट्रकला तिथे 80 ची मर्यादा आहे, म्हणजे न थांबता गेलं तरी पावणेनऊ तास, खरं पाहता थांबत-जेवत 13-14. संध्याकाळी सहाच्या आत भिवंडी, रात्री झोप, सकाळी पहिल्या नंबरात गाडी खाली. हे काही आदर्श नाही. एका माणसाने एका दिवसात एवढं चालवणं मलाही जास्तच वाटतं. पण 21 तास जागून जालना ओलांडण्यापेक्षा फार बरं आहे.

कायदा सांगायला हवा म्हणून सांगते, त्यावर फार भिस्त ठेवू नका. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग 9 तास सुट्टी असं सगळं लिहून दिलं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तीन गाड्या, तीन ड्रायव्हर असलेला तुमचा मालक त्या जुन्या कायद्यातूनही अलगद निसटायचा, आणि आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त मालकांची गोष्ट अशीच असेल. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत ही अट होती, ती 2018 साली निघाली. आपलेच खासदार नितीन गडकरी 2021 साली म्हणाले होते, की वैमानिकांसारखे ट्रक ड्रायव्हरांचेही तास ठरवायला हवेत. बोलले ते बरोबरच बोलले. ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, तीही चांगली गोष्ट. भाऊंची गाडी जुनी आहे, तिच्यात काही बसणार नाही. आणि उद्या काही झालं तर गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्याच्या नावावर लागतो. "झोप लागली" म्हटल्याने सुटका होत नाही, उलट झोप येत असताना चालवत का राहिलास, हा प्रश्न येतो. हे भाऊंना एकदा शांतपणे सांगा. मालकालाही.

घोरण्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी ते दोनदा वाचलं. आज रात्री ते झोपले की जवळ बसून ऐका. घोरता घोरता मधेच आवाज बंद होतो का? दहा-पंधरा सेकंद श्वासच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हबका? सकाळी डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का, शर्टाची कॉलर गेल्या दोन वर्षांत घट्ट झाली का? असं असेल तर झोपेत श्वासनळी बंद होण्याचा आजार असू शकतो. अशा माणसाला आठ तास झोपवलं तरी तो दिवसभर पेंगतो, कारण रात्रभरात त्याची झोप शंभर वेळा मोडलेली असते. तुमच्या मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागाच्या ओपीडीत किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवा, झोपेची तपासणी कुठे होते ते तिथेच विचारा. याला उपचार आहे, वजन कमी करण्यापासून ते रात्री नाकाला लावायच्या मशीनपर्यंत. ड्रायव्हर लोक या तपासणीला घाबरतात, लायसन जाईल म्हणून. माझ्या ओळखीतले दोघं मशीन लावून आजही लाइनवर आहेत. एकाची बायको म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा मला रात्री पंख्याचा आवाज ऐकू आला.

सोडायला लावू का, याचं उत्तर मी आज "नाही" देईन. ई-रिक्षावर घराचा हप्ता आणि दहावी एकदम निघणं कठीण, आणि 16 वर्षं चौदा चाकी ओढलेल्या माणसाला सीताबर्डीच्या गर्दीत सवारी गोळा करायला लावणं हा वेगळाच जाच आहे. पण वही दाखवून, लोडिंगचं आणि सुटण्याच्या वेळेचं बोलूनही मालक हललाच नाही, तर मालक सोडा. "दुसरे लाइनीत उभे आहेत" हे वाक्य मी माझ्या मालकाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, आणि त्याच वेळी मागच्या आवारात ड्रायव्हर नाही म्हणून उभ्या असलेल्या गाड्या मीच मोजत होते. कधी चार, कधी सहा. धुळीने काचा पांढऱ्या झालेल्या. ज्याच्या हातात 16 वर्षांत मोठा अपघात नाही तो माणूस वाडीत दोन दिवस रिकामा बसत नाही.

फोनचं शेवटचं. रात्री सुटायची वेळ आलीच तर दहाच्या आत एकच फोन, "आज कुठे थांबणार?" एवढंच विचारायला. जागेचं नाव घ्या : अमुक पंप, अमुक ढाबा. थांबले की त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, तुम्ही उचलायचा नाही. मग तुम्हीही झोपा. आज रात्रीचे तिन्ही गजर काढून टाका, पोरीची सकाळची ट्यूशन असेल तर तेवढा एक ठेवा.

मालकाशी बोलताना लोडिंगचं आधी काढा, सुटण्याच्या वेळेचं पंधरा दिवसांनी. दोन्ही एकदम काढलंत तर दोन्हीला नाही म्हणेल. काय म्हणाला ते मला कळवा.